टोपडं बसेना तेव्हा

सिदूच्या डाव्या कानामागं बोट फिरवून बघायची माझी सवय अजून गेलेली नाही. तो जेवत असला, खेळत असला, चपला घालत असला, तरी जाता-येता माझा हात तिथं जातोच. तो वैतागून मान झटकतो. "आये, सोड की," म्हणतो. मी सोडते आणि घटकाभरानं परत बघते. आता तिथं एक पांढरट रेघ आहे, कानाच्या मागच्या घडीत लपणारी. दुसऱ्या कुणाला ती दिसतही नाही. मला लांबून दिसते.

माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायका मापं देता देता लेकरांची दुखणी सांगतात. "कान फुटलाय, वाहतोय, पण आता दुखत न्हाई बघा," असं कुणी सहज बोलून गेलं की माझ्या हातातली टेप थांबते. प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगत बसले तर ब्लाऊज शिवायचे कधी? म्हणून एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं मला आजही नीट घेता येत नाहीत. पण ते दिवस कसे गेले ते सांगता येईल, आणि त्यातलं एखादं कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच.

लसणाचं तेल

मी सांगलीची. तिथंच वाढले, तिथंच शिवणक्लास केला आणि लग्न होऊन वडूजकडच्या माळावर आले. आमची मंडळी पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी, आता थोडी शेतीही करतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर असतात. नवरा, दत्ता, तमिळनाडूत गलाईच्या दुकानात सोनं गाळायच्या कामाला. घरात सासू, मी आणि सिदू. सासूला मी आत्या म्हणते. पुरुषमाणसं आमच्याकडं फोनवर राहतात असं मी चेष्टेनं म्हणते, पण त्यात चेष्टा फारशी नाही.

सिदू तेव्हा तीन वर्षांचा होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून झालेला. आत्यांनी त्याचं जावळ कुलदेवाला बोललेलं होतं. जत्रेत, देवासमोर, मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, तोवर कात्री लावायची नाही. एका वर्षी सुतक आलं, दुसऱ्या वर्षी मामंजींना परतायला उशीर झाला, असं करत करत पोराचे केस मानेखाली उतरले. मी रोज दोन वेण्या घालायची. नवीन माणूस "काय गोड पोरगी आहे," म्हणायचं आणि सिदू चड्डी खाली ओढून पुरावा द्यायला निघायचा.

थंडीचे दिवस होते. त्याचं नाक बरेच दिवस गळत होतं. एका संध्याकाळी जेवायला बसला, घास तोंडाशी नेला आणि एकदम किंचाळला. डावा कान मुठीत धरून म्हणाला, "आये, कानात कायतरी चावतंय." मी बॅटरी लावून किडा शोधला. किडा नव्हता. अंग मात्र तापलेलं होतं.

आत्यांनी पळीत तेल घेतलं, लसूण ठेचून टाकला, कडवलं, कोमट झाल्यावर त्याच्या कानात सोडलं आणि वर कापसाचा बोळा बसवला. "वारं शिरलंय. बांधून ठेव कान," म्हणाल्या. टोपडं मीच शिवलेलं होतं. फ्लॅनेलचं, कानांवर दुहेरी अस्तर, हनुवटीखाली बंद. माझ्या लहानपणी माझ्या आईनंही माझ्या कानात असंच तेल सोडलेलं, त्यामुळं मला त्यात वावगं काही वाटलं नाही. रात्र रडण्यात गेली आणि सकाळी आम्ही तिघं आरोग्य केंद्रात गेलो.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, नव्यानंच आलेल्या. त्यांनी मला आधी बसायचं कसं ते शिकवलं. सिदूचे पाय माझ्या गुडघ्यांमध्ये, एका हातानं त्याचे दोन्ही हात धरायचे, दुसऱ्या हातानं डोकं माझ्या छातीशी दाबून ठेवायचं. मग कान बघायच्या बॅटरीनं त्यांनी उजवा कान बघितला, तो चांगला होता. डाव्यात डोकावल्या आणि विचारलं, "कानात काय घातलंय?"

"लसणाचं त्याल," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही चुकल्याची भावना अजिबात नव्हती.

"मावशी, त्या तेलाच्या आणि लसणाच्या मागं कानाचा पडदा आहे. मला तो बघायचाय, आणि तोच दिसत नाही." त्यांनी कापसानं अलगद टिपून बघितलं, पण सिदूनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला तेव्हा थांबल्या. मला म्हणाल्या, "ताप आहे, दुखतंय, सर्दी जुनी आहे. कान आतून पिकत असणार. औषध सुरू करते, पण पडदा न बघता देतेय हे लक्षात ठेवा. दोन दिवसांनी परत आणा. बरं वाटलं तरी आणा. औषध मी सांगितलंय तेवढे दिवस पूर्ण द्या. आणि कानात आता थेंबभरही काही घालू नका."

"बरं वाटलं तरी आणा" हे त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्या आत्यांकडं बघत होत्या.

घाण निघून गेली

दुसऱ्या दिवशी दुपारी सिदू झोपून उठला तर उशी ओली. पिवळट पू, त्यात रक्ताची बारीक तार. मी घाबरून आत्यांना हाक मारली. तोवर हा पठ्ठ्या उठून बसला आणि म्हणाला, "भूक लागलीया." रडणं नाही, कान धरणं नाही. अंगही निवलेलं.

आत्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी विसरणार नाही. त्यांनी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. "बघ, घाण निघून गेली. म्हणूनशान ठणकत हुतं." त्यांनी पोराची दृष्ट काढली आणि शिरा केला. शेजारणी येऊन बघून गेल्या, सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. फुटलं की सुटलं. मलाही तसंच वाटलं. रात्रभर ओरडणारं लेकरू बसून शिरा खातंय, यापेक्षा बरं होणं आणखी कसं असतं?

त्या औषधानं त्याला पातळ शी व्हायला लागली होती. "गरम पडतंय प्वाराला," आत्या म्हणाल्या. "बरं झाल्यावर कशापायी देत बसायचं?" बाटली अर्ध्यावर फडताळात गेली. परत दाखवायला जायचं तेही राहिलं. लग्नसराई होती, ब्लाऊजचा ढीग पडलेला. कान वाहत होता, पण कान वाहणं आमच्याकडं कुणी आजारात धरत नाही. शेंबूड आल्यासारखंच ते. बोळा बदलायचा, टोपडं बांधायचं, झालं.

आणखी एक गोष्ट झाली, ती तेव्हा आम्हाला चांगलीच वाटली. माझं मशीन खाटेला लागून आहे. सिदूचा त्या मशीनवर फार राग. दुपारी झोपला की मशीन सुरू होताच ओरडायचा, "आये, बंद कर." त्या दिवसांत तो वाहता कान वर ठेवून, उजव्या कुशीवर निजायचा, आणि मशीन चालू असतानाही गाढ झोपायला लागला. आत्या कौतुकानं म्हणाल्या, "शाणं झालं माझं प्वार." माझेही ब्लाऊज भराभर उरकले.

कापड एकाच बाजूनं आटत नाही

एके दिवशी सिदूला परत कणकण आली, ती आम्ही सर्दीवर ढकलली. दुसऱ्या सकाळी वेण्या घालून मी त्याला टोपडं बांधायला घेतलं तर बंद हनुवटीखाली येईना. डावी बाजू वर चढत होती. मी ओढून बघितलं तसा तो कळवळला. शिंपिणीच्या डोक्यात दुसरं काय येणार? धुऊन धुऊन फ्लॅनेल आटलं, एवढंच आलं. टोपडं काढलं, ब्लेड घेतलं आणि डाव्या बाजूची शिवण उसवायला बसले. किती सोडायचं ते बघावं म्हणून सवयीनं टेप लावली. डावी बाजू मोजली, उजवी मोजली. दोन्ही सारख्या.

मी परत मोजलं. कापड आटलं तर दोन्हीकडून आटतं. एकाच बाजूनं आटलेलं कापड मी आजवर बघितलेलं नाही. टोपडं मांडीवर तसंच राहिलं आणि मी पोराकडं बघितलं.

त्याला जवळ ओढून डावी वेणी वर उचलली. कानाच्या मागं जी खोलगट जागा असते ती नव्हती. तिथं तटतटून फुगलेलं होतं, लालभडक, हाताला चटका बसावा इतकं गरम. कान पुढं आणि खाली ढकलला गेला होता. समोरून बघितलं तर दोन कान दोन ठिकाणी होते. रोज सकाळी मी ह्याच डोक्याच्या वेण्या घालत होते, पण त्या सैल आणि कानावरूनच, गेले काही दिवस तो मागं हात लावू देत नव्हता.

"गालगुंड असंल," आत्या म्हणाल्या. "गेरू लावू." पण त्यांचा आवाज चाचरला. गालगुंड गालाशी येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी नुसतं बोट टेकवलं तर सिदूनं श्वासच धरला. आईला काही गोष्टी कळायला कुणी सांगावं लागत नाही असं म्हणतात, ते मला तोवर खोटं वाटायचं.

शेजारच्या दादांच्या मोटारसायकलवर बसून आम्ही आरोग्य केंद्र गाठलं. मॅडम पेशंट बघत होत्या. दारातूनच त्यांनी सिदूला बघितलं आणि मी आत पाऊल टाकायच्या आधी खुर्चीतून उठल्या. डॉक्टर खुर्ची सोडून आपल्याकडं येतात तेव्हा काय समजायचं ते मला त्या दिवशी कळलं.

ताप कधीपासून? कालपासून परत आहे. उलटी? एकदा. चालताना झोक जातो? माहीत नाही, आज तो चाललाच नाही. ऐकायला कसं येतं? चांगलं येतं, असं माझ्या तोंडावर आलेलं. मग मशीन आठवलं.

"मशीनच्या आवाजानं उठत नाही आता," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला रडू फुटलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हलक्या हातानं सूज चाचपली आणि म्हणाल्या, "कानाच्या मागचं हाड पिकलंय. त्या हाडाच्या पलीकडं मेंदू आहे. मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. सातारा किंवा सांगली, जिथं तुमचं माणूस आहे तिथं. पण आज."

"उद्या सकाळी..."

"आज. आत्ता."

त्यांनी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली, अँब्युलन्सला फोन केला, आणि सांगलीच्या दवाखान्यातही स्वतः फोन करून सांगितलं. मला विचारायचं होतं की माझं पोर वाचेल का. मी विचारलं, "कपडे किती घेऊ?"

"चार-पाच दिवसांचे घ्या," त्या म्हणाल्या.

म्हणजे चार-पाच दिवस तरी त्याला कपडे लागणार होते. त्या एका वाक्यावर मी सांगलीपर्यंत गेले.

विट्याच्या रस्त्यानं

कपडे घ्यायला अँब्युलन्स घरावरून नेली. आत्या बरोबर आल्या नाहीत. जनावरांना सोडून दोघींना निघता येत नव्हतं. अँब्युलन्सच्या दाराशी उभ्या राहून त्या सिदूच्या पायाला हात लावत राहिल्या.

मायणी गेलं, विटा गेलं, सिदू पेंगत होता. तापानं पेंगतोय की मेंदूत काही शिरलंय, ते मला कळायचा मार्ग नव्हता. म्हणून मी त्याला बोलतं ठेवत होते. कोंबडी कशी ओरडते? आजा मेंढरांना कसं हाकारतो? तो कंटाळून एक-दोन शब्द बोलायचा. गप्प बसला की मी त्याला हलवायची.

तासगाव आलं तेव्हा मी ते केलं. त्याच्या डाव्या बाजूला वाकून हळूच म्हणाले, "सिदू." त्यानं बघितलं नाही. परत म्हणाले. तो समोर खिडकीकडं बघत होता, डोळे उघडे होते. मग उजव्या बाजूनं तेवढ्याच आवाजात हाक मारली, तर लगेच वळला. "काय?" म्हणाला.

काही नाही म्हणाले. हे करून बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मामाची मांडी

माझा धाकटा भाऊ प्रमोद दवाखान्याच्या फाटकात उभा होता, गॅरेजमधनं तसाच आलेला, हात काळे. डोक्याचा स्कॅन झाला. कानाचे मोठे डॉक्टर वयस्क होते, बोलायला फार कंजूष. फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "हाडात पू साठलाय. मेंदूपर्यंत गेलेला नाही अजून."

त्या "अजून"नं माझी झोप उडवली. सलाईन लागलं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सूज दाबून बघितली आणि मान हलवली. ऑपरेशन करावं लागणार होतं. सही घेण्याआधी त्यांनी सांगितलं, "चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. आम्ही जपतो. पण तुम्हाला सांगणं माझं काम आहे. ऐकण्याचं आज काही सांगू शकत नाही."

दत्ताला फोन लावला. तो रेल्वेत होता, येत होता. सगळं ऐकून म्हणाला, "सुरेखा, काय करायचं ते कर. मला इचारत बसू नको." आणि फोनवर हुंदका आला. मी लग्नानंतर त्याला कधी रडताना ऐकलेलं नव्हतं.

सही केली. मग सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "कानाच्या मागचे केस काढायला माणूस येतोय. डावी बाजू सगळी काढावी लागेल."

आता हे वाचणाऱ्याला वेडेपणा वाटेल. पोराच्या जिवावर बेतलेलं आणि आई केसांचा विचार करतेय. पण मी अडले ती तिथं. ज्या देवाला हे केस बोलले, त्याच्यामुळं हे पोर झालं असं आत्या मानतात, आणि खरं सांगायचं तर मीही मानते. ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी त्याला दिलेला शब्द मोडायचा? मी म्हणाले, "थोडं थांबा."

"अक्का, केसांचं काय घिऊन बसलीस?" प्रमोद म्हणाला. पण त्याचाही आवाज खाली आला होता.

मी आत्यांना फोन केला. सांगितलं. पलीकडून शेळीचा आवाज आला.

"प्रमोद हाय का तितं?" आत्यांनी विचारलं.

"हाय."

"मग बसीव त्येच्या मांडीवर. मामाची मांडी हाय, आन काय पायजे? द्येव काय एका जाग्याला बसून ऱ्हात न्हाई. केस तेवढं भुईला पडू दिऊ नगो." मी बरं म्हणाले. त्या फोन ठेवीनात. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुरेखा, त्याल मीच घातलं गं."

"त्यालानं काय झालं न्हाई, आत्या. डॉक्टर म्हणाले."

डॉक्टरांना मी तसं काही विचारलेलंच नव्हतं. पुढं मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. दुखणं तेलानं आणलं नव्हतं, तेलानं फक्त ते झाकलं. पण त्या वेळी मला हे माहीत नव्हतं, आणि मला खरं-खोटं करायचंही नव्हतं.

प्रमोद हात घासघासून धुऊन खाटेवर मांडी घालून बसला. सिदू त्याच्या मांडीवर. मी पदर पसरून धरला. डावी वेणी त्यात पडली, मग बारीक बारीक केस. सिस्टर सलाईनची बाटली धरून उभ्या होत्या. त्यांना घाई होती हे दिसत होतं, तरी त्यांनी घाई केली नाही. शेजारच्या खाटेवर जतकडची एक बाई नातवाला घेऊन होती. तिनं उठून सिदूच्या कपाळाला आपल्या पुडीतलं कुंकू लावलं. तिचं नाव मी विचारलंसुद्धा नाही.

रडणं चालतं

ऑपरेशनच्या दाराबाहेर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. माझ्या हातात रुमाल होता. तो मी कडेनं उसवत उसवत सगळा दोरा काढून टाकला होता, हे नंतर प्रमोदनं दाखवलं. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही पुरतं येईना. फक्त एकच येत होतं, हा हसला की तोंड वाकडं होईल का.

डॉक्टर बाहेर आले. "पू काढला. साफ केलं. शुद्धीवर आला की चेहरा बघू."

सिदू शुद्धीवर आला. डोक्याला पांढरी पट्टी, एका बाजूला उरलेली एकच वेणी. डॉक्टर वाकून म्हणाले, "बाळा, हसून दाखव." तो कशाला हसतोय? त्यानं डॉक्टरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. दोन्ही डोळे घट्ट मिटले. तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे खाली गेले.

"रडणं चालतं," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

मी तिथंच फरशीवर बसले. प्रमोद मला उठवायला आला आणि तोही बसला.

बाकीचे दिवस

दवाखान्यात दिवस सुईभोवती फिरतात. सकाळची सुई, संध्याकाळची सुई. सिदूच्या हाताला पुठ्ठा बांधलेला. सिस्टरांची चप्पल दारात वाजली की सिदू तो हात माझ्या साडीत लपवायचा. म्हणजे चप्पल ऐकू येत होती. पण उजव्यानं की डाव्यानं? मी प्रत्येक आवाजाला त्याच्याकडं बघत बसायची. भांडं पडलं, तो वळला. फोन वाजला, तो नाही वळला. असं करून माणूस वेडं होतं.

दत्ता आला तो रेल्वेतला सगळा राग घेऊन. पोराला बघून बाहेर आला आणि मला म्हणाला, "घरात दोन बाया आसून कान दिसला न्हाई तुमाला?"

"फोनवरनं कान बघता आला असता तर तुमीच बघितला असता," मी म्हणाले.

जरा वेळानं तो दोन कप चहा घेऊन आला. आमच्यात माफी अशीच मागतात. पण तो चहा आम्ही दोघांनी एकमेकांकडं न बघता प्यायला, आणि पुढं बरेच दिवस आमच्यात ते वाक्य तसंच पडून होतं. आजारी पोराभोवती मोठी माणसं एकमेकांना टोचत राहतात. त्याला औषध नाही, ते आपोआप ओसरतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याला भोक आहे, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि जवळच्या दवाखान्यात दाखवत राहायचं. काही मुलांचं ऐकणं परत येतं, काहींचं थोडं कमी राहतं. आपलं पोर कुठल्या "काही"तलं, हे कुणी सांगेना.

दर वेळी आरोग्य केंद्रात गेले की मी सिदूला गुडघ्यांत पाय, छातीशी डोकं, तसंच धरून बसायची. मॅडम बॅटरी लावायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघायची. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "आज पडदा दिसला." मला त्या शब्दांनी इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच सांगते. पोराचा कान दाखवला की विचारा, पडदा दिसला का? नसेल दिसला तर परत जा. दुखायचं थांबलं म्हणून घरी बसू नका, फुटल्यावर दुखायचं थांबतंच. औषध सांगितलंय तेवढं द्या, पातळ शी झाली तर डॉक्टरांना विचारा, फडताळाला नको. आणि टोपडं काढून कानामागं बघत जा. बायका हो हो म्हणतात. काही खरंच बघतात.

चैत्रात मामंजी मेंढरं घेऊन आले. अर्ध्या डोक्याच्या नातवाला बघून म्हातारा आधी हसला आणि मग त्याला उचलून जो बाजूला गेला तो बराच वेळ आलाच नाही. जत्रेत उरलेली वेणी मामाच्या मांडीवरच निघाली. सांगलीचे केस आत्यांनी माझ्याकडून घेऊन कापडात बांधून ठेवले होते, ते त्यांनी त्यातच मिसळले. देवासमोर त्यांनी काय मागितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ठाऊक होतं. मीही तेच मागत होते.

जत्रेनंतर मॅडमनी बघून सांगितलं की भोक बुजत आलंय. "ऐकणं तपासायला अजून थोडं थांबू," म्हणाल्या. थांबणं मला आता जमायला लागलं होतं असं मी समजत होते. खरं तर मी मशीनच चालवत नव्हते. तो झोपला की हातशिलाईचं काम घेऊन बसायची. मशीन सुरू केलं आणि तो उठलाच नाही तर, ही भीती मला त्या मशीनपर्यंत जाऊ देत नव्हती.

एका दुपारी एका नवरीचा ब्लाऊज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, इलाज नव्हता. सिदू खाटेवर उजव्या कुशीवर झोपला होता. कान वाहायला लागल्यापासून त्याला तशीच सवय लागलेली, उजवा कान पूर्ण उशीत. आत्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. मी देवाचं नाव घेतलं आणि मशीनचं बटण दाबलं.

एक शिवण झाली. त्यानं पाय हलवला. मी दुसरी घातली.

"आये, बंद कर. लय वाजतंय."

मी थांबले. त्याचे डोळे मिटलेले होते, कान उशीतच होता. मला वाटलं, मला भास झाला. मी परत बटण दाबलं.

"बंद कर म्हणलं न्हवं!"

आत्यांच्या हातातला लसूण तसाच राहिला. त्या माझ्याकडं बघत होत्या, मी त्यांच्याकडं. दोघींपैकी कुणालाच हलायचं धाडस होईना. मग आत्या उंबऱ्यातूनच, आपण देवघरात बोलतो तसल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "सिद्या, शिरा खातोस का रं?"

मशीन बंद होतं. घरात कसलाच आवाज नव्हता.

"व्हय," सिदू डोळे न उघडता म्हणाला. "साखर लय घाल."